होस्टाची बाग: आधी सावली ओळखा, मग सूत्र ठरवा

सावलीत काय लावायचं, असा प्रश्न निघाला की होस्टाचं नाव हमखास येतं. त्याचं मूळ जपान, कोरिया आणि चीनकडचं. रानात त्याच्या जाती मोजक्याच आहेत, पण त्यांच्यापासून निघालेली आणि नाव मिळालेली वाणं हजारोंनी आहेत. तळहाताएवढ्या ठोंबापासून कमरेच्या वर जाणाऱ्या ठोंबापर्यंत, निळसर, पिवळी, पांढऱ्या काठाची, सुरकुतलेली, वाटीसारखी खोलगट, हवी तशी पानं मिळतात. अडचण होते ती इथेच. आवडेल ते एकेक आणत गेलं की काही वर्षांत वाफ्यात वीस-पंचवीस होस्टा जमतात, पण त्यांची बाग होत नाही. प्रत्येक ठोंब वेगळ्या रंगाचा, वेगळ्या घडणीचा, आणि नजर कुठेच ठरत नाही.

म्हणून एखादं सूत्र धरून निवड करावी. ते रंगाचं असेल, आकाराचं असेल, सुगंधाचं असेल, किंवा एकाच झाडापासून निघालेल्या वाणांचं असेल. माझं म्हणणं एवढंच की हे सूत्र पानांत दिसलं पाहिजे, पाटीवरच्या नावात असून भागत नाही. आणि पान कसं दिसणार हे बरंचसं त्याला मिळणाऱ्या उजेडावर ठरतं. त्यामुळे वाणांची यादी हातात घेण्याआधी जागा बघायची.

तुमची सावली कोणती?

एका सुटीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाफ्यापाशी जाऊन ऊन कुठे पडतं ते बघा. उंच झाडाखाली कवडसे पडतात, ते दिवसभर सरकत राहतात. होस्टाला ही जागा सगळ्यात मानवते. पूर्वेकडून सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली, हीसुद्धा उत्तम. भिंतीआडची दाट सावली चालते, पण तिथे वाढ हळू होते आणि पिवळ्या पानांचा पिवळेपणा उतरतो. दुपारचं थेट ऊन मात्र बहुतेक वाणांना सोसत नाही. आधी पानांचे काठ तपकिरी होतात, मग पान मधूनही करपतं.

सावलीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ओल. मेपल, बर्च यांसारख्या झाडांची मुळं अगदी वरच्या थरात पसरतात आणि होस्टाच्या तोंडचं पाणी पळवतात. अशा झाडांच्या बुंध्यालगत होस्टा वर्षानुवर्षं तेवढाच राहतो, कधी कधी आकसतो. तिथे मोठ्या कुंडीत लावलेला बरा.

आणखी एक अट आहे. होस्टा हिवाळ्यात पूर्ण झोपतो. पानं पिवळी पडून गळतात, जमिनीवर काही दिसत नाही. ही झोप पूर्ण व्हायला साधारण पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखालची थंडी कित्येक आठवडे सलग लागते. जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे पहिल्या वर्षी होस्टा छान वाटतो, मग दरवर्षी कोंब कमी आणि बारीक होत जातात. निगा वाढवून ही उणीव भरून निघत नाही.

रंगाचं सूत्र: निळा म्हणजे मेण

रंगाचं सूत्र सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच जास्त फसगत होते, कारण होस्टाचा रंग ऋतूभर एकसारखा राहत नाही.

निळा होस्टा घ्या. हॅल्सियन, ब्लू एंजल किंवा एलिगन्स या वाणांचं पान अंगठ्याने हलकं चोळून बघा. बोटाखालचा निळेपणा पुसला जातो आणि खालून साधा गडद हिरवा रंग वर येतो. पानात निळं द्रव्य काहीच नसतं. हिरव्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि पान निळसर दिसतं. वसंतात फुटलेलं पान सगळ्यात निळं असतं. उन्हाने आणि उष्णतेने मेण उतरतं, वरून जोरात पाणी मारल्याने धुपतं, आणि उन्हाळा संपेपर्यंत बरीचशी निळी वाणं हिरवी झालेली असतात. चोळलेल्या जागी मेण पुन्हा येत नाही, त्यामुळे पारख करायची ती एखाद्या खालच्या पानावर.

म्हणजे निळी बाग हवी असेल तर तिला वाफ्यातली सगळ्यात थंड जागा द्या आणि पाणी मुळाशी घाला. हॅल्सियन मी पहिल्या पसंतीला ठेवतो. इंग्लंडमध्ये एरिक स्मिथ यांनी १९६१ मध्ये केलेल्या संकरातून आलेलं हे वाण आहे. पान जाड, ठोंब आटोपशीर आणि निळा रंग इतरांपेक्षा जास्त काळ टिकणारा. त्याच्यासोबत उंचीसाठी क्रोसा रीगल लावावा. त्याची लांब देठांची पानं फुलदाणीसारखी वर जाऊन बाहेर झुकतात, त्यामुळे खाली छोट्या झाडांना जागा उरते. अबिका ड्रिंकिंग गूर्ड याचं पान खोल वाटीसारखं असतं आणि पावसाचं पाणी त्यात साचून राहतं. दिसायला ते फार सुंदर, पण वरच्या झाडावरून फुलं, परागकण किंवा सुया गळत असतील तर हाच कचरा वाटीत कुजतो आणि पानावर डाग पडतात. तेव्हा खोलगट पानांची वाणं मोकळ्या आभाळाखाली, भिंतीच्या सावलीत लावावीत.

पिवळ्या वाणांचं गणित उलटं आहे. त्यांना उजेड हवाच. सम अँड सब्स्टन्स हे अवाढव्य वाण दाट सावलीत पोपटी राहतं आणि चांगला उजेड मिळाला की सोनेरी होतं. गोल्ड स्टँडर्ड तर आणखी नाजूक प्रकरण आहे. त्याचं पान हिरवं निघतं आणि काही आठवड्यांत मधला भाग सोनेरी होतो, काठ हिरवा राहतो. उजेड कमी पडला तर ते हिरवंच राहतं, जास्त झाला तर जुन्या कागदासारखं फिकट पडतं. काही वाणं पिवळी फुटून उन्हाळ्यात हिरवी होतात, काही हिरवी फुटून पिवळी होतात. म्हणून विकत घेताना फोटो कोणत्या महिन्यातला आहे हे विचारायला हवं. वसंतातला फोटो बघून आखलेली पिवळी बाग भर उन्हाळ्यात हिरवी होऊ शकते.

निळं आणि पिवळं एकत्र हवं असेल तर एकाच वाफ्यात जमतं. उजेड ज्या बाजूने येतो तिकडे पिवळी, आतल्या बाजूला निळी. लांबून बघताना वाफा आतपर्यंत खोल गेल्यासारखा वाटतो.

काठ कुठून येतो आणि तो कधी पुसला जातो

दोन रंगांची पानं समजून घ्यायची तर पानाच्या घडणीत थोडं डोकावावं लागतं. होस्टाच्या कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर असतात आणि पान त्या थरांमधून घडतं. यातल्या एका थरातल्या पेशींत बदल होऊन हरितद्रव्य तयार होणं थांबलं किंवा कमी झालं, तर त्या थरापासून बनणारा पानाचा भाग पांढरा किंवा पिवळा येतो. बदल एका थरात असेल तर काठ पांढरा, दुसऱ्यात असेल तर मधला भाग पांढरा. एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी नांदत असतात.

याचे दोन परिणाम बागेत रोज दिसतात. पहिला, पांढऱ्या भागाला अन्न तयार करता येत नाही. पांढऱ्या काठाचा पेट्रियट जोमात वाढतो, कारण पानाचा मोठा भाग हिरवा असतो. त्याच्यापासून निघालेल्या फायर अँड आइस या वाणात रंग अगदी उलटे आहेत, पांढरा मध्यभागी आणि हिरवा काठाला. तो दिसतो देखणा, पण वाढीला मंद. त्याला दाट सावलीत लावलं तर उपाशी ठेवल्यासारखं होतं आणि दुपारच्या उन्हात पांढरा भाग जळतो. सकाळचं ऊन हीच त्याची जागा.

दुसरा परिणाम म्हणजे असं झाड मागे फिरू शकतं. दोन रंगांच्या ठोंबात एखादा कोंब पूर्ण हिरवा फुटतो. हिरवा असल्याने तो भराभर वाढतो आणि काही वर्षांत बाकीच्यांना दाबून टाकतो. असा कोंब दिसला की माती बाजूला करून तो मुळासकट सुरीने वेगळा करावा. नुसतं पान खुडून काही होत नाही, तो पुन्हा हिरवाच फुटतो.

पण हाच बदल नव्या वाणांचा मोठा झराही आहे. ठोंबात एखादा कोंब वेगळा निघाला, तो स्थिर राहिला, तर त्याला नाव मिळतं. अशा वाणाला होस्टाची माणसं 'स्पोर्ट' म्हणतात.

एकाच घराण्याची बाग

मला सगळ्यात आवडणारं सूत्र इथून निघतं: एका वाणापासून निघालेले स्पोर्ट एकत्र लावायचे. या झाडांची ठेवण साधारण सारखी असते. पानाची लांबी-रुंदी, देठाचा कल, ठोंबाचा घेर, बहराची वेळ, यांत फार फरक पडत नाही. रंग तेवढा बदलतो. त्यामुळे वाफ्यात आकार पुन्हा पुन्हा येत राहतो, नजरेला आधार मिळतो, आणि रंगांची गंमत त्यावर खुलते. अनोळखी वीस वाणांपेक्षा एका घराण्यातली पाच वाणं जास्त बोलकी दिसतात.

ग्वाकामोलेचं घराणं बघा. फ्रेग्रंट बुके नावाच्या सुगंधी वाणापासून ग्वाकामोले निघाला: पोपटी पान, त्याला गडद हिरवा काठ. ग्वाकामोलेपासून स्टेन्ड ग्लास, ज्याचा मधला भाग झळझळीत सोनेरी आणि काठ रुंद, गडद हिरवा. त्याच घराण्यात फ्राइड बनानाज पूर्ण पिवळा आहे आणि फ्राइड ग्रीन टोमॅटोज पूर्ण हिरवा. चौघे एकत्र लावले की एकाच पानाचे चार रंग समोर येतात. शिवाय हे घराणं सुगंधी आहे आणि इतर होस्टांपेक्षा ऊन जास्त सोसतं. खाद्यपदार्थांच्या नावांचं सूत्र धरून हीच झाडं लावणारेही बरेच आहेत. तिथे नाव आणि पान दोन्ही जुळतात, म्हणून ते सूत्र खरंच दिसतं.

हॅल्सियनचं घराणंही असंच. त्याच्यापासून निघालेलं 'जून' नावाचं वाण १९९१ मध्ये नोंदलं गेलं: निळसर काठ आणि मध्ये पिवळा भाग, जणू कुंचल्याने रंग ओढलाय. उजेडात मधला भाग पिवळा उजळतो, सावलीत हिरवटाकडे झुकतो, त्यामुळे एकाच बागेत दोन ठिकाणी लावलेले जून वेगवेगळे दिसतात. फर्स्ट फ्रॉस्ट याच घराण्यातला, निळ्या पानाला पिवळसर काठ असलेला. तो काठ पुढे मलईसारखा पांढरा होतो. या तिघांत रंग वेगळे असूनही निळ्याचा धागा कायम राहतो. छोट्या वाफ्यासाठी यापेक्षा चांगली निवड मला माहीत नाही.

जागा आणखी लहान असेल, दगडांच्या खाचा किंवा उथळ कुंड्या असतील, तर ब्लू माउस इअर्सचं घराणं आहे. हा ठोंब जेमतेम १५ ते २० सेंटीमीटर उंच होतो, पानं गोल आणि चांगली जाड. मायटी माउसला पिवळसर काठ, चर्च माउसची पानं लहरीदार, होली माउस इअर्सचा मधला भाग फिकट. ही नावं ऐकून मुलांना झाडं पाठ होतात, हा वेगळा फायदा. लहान वाणांची मुळं वरच्यावर असतात, म्हणून त्यांच्या कुंड्या पटकन सुकतात; त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. घरात कुत्रा-मांजर असेल तर तेही बघा, कारण होस्टाची पानं त्यांनी खाल्ली तर उलट्या, जुलाब होतात.

केवळ नावांवर उभारलेली सूत्रं, म्हणजे प्राण्यांची, रत्नांची, देशभक्तीची, मजेशीर असतात. पण नाव जुळतंय म्हणून दाट सावलीत फायर अँड आइस लावला तर पाटी शोभेल आणि झाड खंगेल. नावांची यादी करा, मग त्यातून जागेला न मानवणारी वाणं निर्दयपणे खोडा.

संध्याकाळची बाग

होस्टाची फुलं बहुतेकांच्या लेखी दुय्यम. हॉस्टा प्लांटॅजिनिया ही चिनी जात मात्र त्याला अपवाद आहे. रानातल्या जातींमध्ये ठसठशीत सुगंध हिलाच. बाकीच्या होस्टांची फुलं सकाळी उमलतात, हिची उतरत्या दुपारी, आणि लांब पांढरी फुलं रात्रभर दरवळतात. एक फूल एकच दिवस टिकतं, पण दांड्यावर कळ्या ओळीने उमलत राहतात. संध्याकाळी बसायची जागा असेल तिथे ही जात किंवा तिच्या वंशातले रॉयल स्टँडर्ड, सो स्वीट लावावेत. सो स्वीटच्या पानाला पांढरट काठ असतो आणि अंधारून आल्यावर तोच काठ उठून दिसतो. त्यांच्या मागे पेट्रियटचा एखादा मोठा ठोंब पुरेसा आहे. सुगंधी वाणांना थोडं ऊन मिळालं तरच फुलं भरपूर येतात, दाट सावलीत दांडे मोजकेच निघतात.

पाच वर्षांनंतरचं झाड निवडा

कुंडीतल्या रोपावरून मोठ्या झाडाची कल्पना येत नाही. होस्टाची कोवळ्या वयातली पानं अरुंद आणि सपाट असतात. पुढे ती रुंद होतात, सुरकुत्या पडतात, काठाची रुंदीही वाढते. खरं रूप यायला चार-पाच वर्षं लागतात, मोठ्या वाणांना त्याहून जास्त. एम्प्रेस वू पूर्ण वाढला की मीटरभराच्या वर जातो आणि त्याचा घेर दीड मीटरच्या पुढे पसरतो. त्याच्या शेजारी हातभर अंतरावर ब्लू माउस इअर्स लावला तर काही वर्षांत तो पानांखाली हरवेल. ग्रेट एक्सपेक्टेशन्ससारखी देखणी वाणं इतकी हळू वाढतात की घाई असलेल्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अंतर ठरवताना वाणाचा पूर्ण वाढीचा घेर बघायचा आणि शेजारच्या दोन ठोंबांच्या घेरांचा मध्य काढायचा. एकाचा घेर ९० सेंटीमीटर, दुसऱ्याचा ६०, तर मधोमध ७५ सेंटीमीटर. सुरुवातीला वाफा उघडा वाटतो. ती जागा नेचे, ॲस्टिल्बी, ह्यूकेरा यांनी भरावी. नेच्याची चिरलेली पानं होस्टाच्या अखंड पानाशेजारी विशेष खुलतात. वसंतात होस्टा उशिरा जागा होतो, तोवरच्या रिकाम्या दिवसांसाठी त्याच्या अवतीभवती स्नोड्रॉप किंवा छोट्या डॅफोडिलचे कंद पुरावेत. कंदांची फुलं संपून पात सुकायला लागते, तेव्हाच होस्टाची पानं पसरून ती झाकून टाकतात.

गोगलगायी आणि एक रोग

गोगलगायी पातळ पान आधी खातात. पानांची जाडी हा सूत्राइतकाच महत्त्वाचा निकष आहे: हॅल्सियन, क्रोसा रीगल, सम अँड सब्स्टन्स, ब्लू माउस इअर्स यांची पानं जाड असल्याने त्यांच्यावर भोकं कमी पडतात. ओलसर जागेत पातळ पानांची वाणं घेऊन आखलेली बाग उन्हाळा संपेपर्यंत चाळणी होते.

रोगांमध्ये सगळ्यात घातक होस्टा व्हायरस एक्स. १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात त्याची ओळख पटली. तो रसातून पसरतो, म्हणजे एका झाडावर वापरलेली सुरी दुसऱ्यावर चालवली की लागण होऊ शकते. पिवळ्या पानावर शिरांच्या बाजूने हिरवी शाई फुटल्यासारखे फराटे दिसतात, त्या जागी पान किंचित पातळ किंवा चुरगळलेलं वाटतं. पान उजेडासमोर धरलं की हे स्पष्ट कळतं. संग्राहकांनी विशेष सांभाळून राहायचं, कारण हे फराटे सुंदर दिसतात. ब्रेकडान्स आणि लेपर्ड फ्रॉग ही वाणं या नक्षीमुळेच नवी म्हणून विकली गेली, आणि ती नक्षी विषाणूची निघाली. यावर औषध नाही. झाड मुळांसकट काढून टाकायचं, कंपोस्टमध्ये घालायचं नाही, आणि त्या खड्ड्यात उरलेली मुळं पूर्ण मरेपर्यंत दुसरा होस्टा लावायचा नाही. लागण झालेलं झाड काही काळ निरोगीही दिसू शकतं, म्हणून नवं रोप पहिलं वर्ष कुंडीत वेगळं ठेवावं आणि ठोंब फोडताना दर झाडानंतर सुरी निर्जंतुक करावी.